ढोलकीवाचून ब्लूग्रास

चि. अश्वजितास बाबाराव मामाचा मनापासून जय भीम.

आम्ही सुखरूप आहोत. तिकडच्या थंडीत मफलर बांधतोस ना, असे तुझी आई विचारते. (तिनेच विणला आहे, तेव्हा "नाही" लिहू नकोस.) कापसाला यंदाही भाव नाही, एवढे सांगून तो विषय सोडतो.

सुट्टीत येऊन तू अमेरिकेतल्या डोंगरी गाण्यांची, त्या ब्लूग्रासची, कॅसेट ऐकवलीस, तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. पोटासाठी डोंगर सोडून दूर कारखान्यांत गेलेली माणसे, आणि त्यांचा तो उंच, एकाकी आवाज. शब्द कळले नाहीत, पण हुरहूर आपलीच वाटली. ते सारे एकाच माइकभोवती उभे राहतात; ज्याची पाळी तो पुढे होतो, वाजवतो आणि मागे सरतो, असे तू म्हणालास. मला ही रीत धम्माला धरून वाटली, म्हणून आपल्या गायन पार्टीत लगेच सुरू केली. आपले पेटीवाले मारोतराव पुढे झाले. (मागेही सरले, पण वीज गेल्यावर.)

इथवर ठीक होते. मग मी आपल्या ढोलकीवाल्या गुलाम नबीला त्याच्या सायकल दुकानात जाऊन सांगितले, की त्या संगीतात बहुधा ढोलक नसतोच. मेंडोलिनवाला तारांवर खटका मारून ताल धरतो. मला फक्त नवल सांगायचे होते. तो ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. बुडबुड्यांकडे पाहतच म्हणाला, "मंग मले कायले बसवता, बाबारावभाऊ? आपले पंक्चर बरे." त्या दिवसापासून दुकान उघडे, ढोलकी बंद.

आम्ही पेटीच्या लाकडावर बोटे मारून गाऊन पाहिले. गाणे दारव्ह्याच्या भरलेल्या जीपसारखे चढावर मागे येऊ लागले. तुझी मामी म्हणाली, "अमेरिकेले नसन लागत ढोलकी. तुमाले लागते."

बुद्धपौर्णिमेला विहारात गायचे आहे, अन् गुलाम नबीवाचून मला गावेसेच वाटत नाही. माफी मागायला रोज त्याच्या दुकानी जातो. तोंडून निघते, "पुढच्या चाकात हवा भर." (चाके आता दगडासारखी झाली आहेत.)

तुझा मामा,
बाबाराव

ता. क. आफ्रिकेतून बळजबरीने नेलेल्या माणसांनी ब्लूग्रासमधले बँजो हे तारवाद्य तिकडे नेले, आणि त्याच्या तोंडावर ढोलकीसारखेच कातडे ताणलेले असते, हेही तू सांगितले होतेस. मी नेमके तेवढेच गुलाम नबीला सांगायचे विसरलो. आता सांगितले तर मनधरणीसाठी रचले असे वाटेल. तूच त्याला पत्र लिही. सोबत फोटो पाठव, कातडे दिसेल असा.

पुन्हा ता. क. आज हवा भरता भरता त्यानेच विचारले, "तो मेंडोलिनवाला थकला, त ठेका कोन धरते?" त्याची बोटे पंपावर आपलाच ठेका धरून होती. "तूच" हे उत्तर माझ्या ओठांवर होते. मी म्हटले, "मागच्यातही भर."

फोटो लवकर पाठव. ट्यूब फुटेल.