कुलूपबंद घरांचा चढता भाव

सौभाग्यवतीस आशीर्वाद.

मी, तुझा नवरा, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा सुतारकाम, इयत्ता चौथी पास, सध्या राहणार मुलाच्या भाड्याच्या घरी, खरे तेच लिहितो. प्रकृती उत्तम आहे. स्वयंपाकघरात झोपही छान लागते. तुझा गुडघा कसा आहे?

काल मुलाने विकत घ्यायचे म्हणून एक जुने घर दाखवले. दाराची चौकट वाळवीने पोखरलेली होती. मी बोट खुपसून दाखवले. दलाल म्हणाला, "आजोबा, चौकट काय बघता? वर्षात भाव दीडपट झालाय!" त्याच इमारतीतली वरची सहा घरे कुलूपबंद होती. तिथे कोण राहते, असे मी विचारले. "कोणी नाही. मालक भाव चढायची वाट बघताहेत."

जन्मभर मी माणसांनी आत यावे म्हणून दारे बसवली. लाकूड कुजते आणि भाव चढतो, हे गणित मला काही केल्या सुटत नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, तिकडचं घर विकलं तरच हे जमेल." घर तुझ्या नावावर आहे. रागावू नकोस, विचार करून कळव.

समक्ष साक्षीदार: दलाल, आणि सूनबाई, आठवा महिना चालू. मुलगाही हजर होता, परंतु त्याचे डोळे भरून आल्याने त्यास साक्षीदार धरलेले नाही.