धोंड्याच्या महिन्यात राजलक्ष्मीचं वजन

रविवार, १७ मे २०२६. सकाळी ९.४०
कन्हेरीच्या फाट्यावर गाडी थांबवून तुपाची बरणी गळते का ते बघत होतो. गळत नव्हती. पिशवीत डिंक, अळीव, खारीक, खोबरं. सगळं इंदापुरातून निवडून घेतलं. डिंकाचा एकेक खडा उजेडात धरून पाहिला. दुकानदार म्हणाला, सोनं घेताय का? मी लोणी देवकरच्या कंपनीत क्वालिटी खात्यात हेल्पर आहे हे त्याला कुठून माहीत असणार.

उद्देश: प्रतिक्षाचा आहार सुधारणे. त्यातून दूध, दुधातून आमच्या राजलक्ष्मीचं वजन. मुलगी आठ आठवड्यांची. बाळंतपणापासून दोघी इथे, प्रतिक्षाच्या माहेरी. फोनवर विचारलं की सगळे म्हणतात, चांगलं हाय. चांगलं म्हणजे किती ग्रॅम, ते कोणी सांगत नाही. तीन दिवसांत शिस्त लावायची आणि परत.

संध्याकाळी
अडचण. अधिक महिना आजच लागला. जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा महिना. माझ्या लक्षातच नव्हतं. सासूबाईंनी (मी मामी म्हणतो) दारातच ओवाळलं. म्हणाल्या, बगा, जावाई सवताच्या पायानं आलं धोंडा खायाला! भावकीत पाच घरं. पाचही घरं वाढणार. तोवर हलायचं नाही, असं सासरे, म्हणजे मामा, म्हणाले. गाडीची किल्ली त्यांनी आपल्या बंडीच्या खिशात ठेवली.

हरकत नाही. देखरेखीला जास्त दिवस मिळतील. कंपनीत बिनपगारी रजा कळवली.

सोमवार, १८ मे
उपकेंद्रात वजन. ३ किलो ९०० ग्रॅम. सिस्टर म्हणाल्या, मस्त वाढतंय. मस्त हे माप नाही. व्हिडिओंत बघून टाइमटेबल तयार केलं. दूध दर तीन तासांनी. डावीकडे दहा मिनिटं, उजवीकडे दहा. मध्ये रडली तर थोपटणे. प्रतिक्षाचं जेवण सकाळी ११ आणि संध्याकाळी ७, लाडू ८ आणि ५. सुवाच्य अक्षरात लिहून बाळंतिणीच्या खोलीत चिकटवलं. सिस्टरांच्या कार्डावर 'स्तनपाण' छापलं होतं, तेही पेनने दुरुस्त केलं.

खोलीचं दार माझ्या खुर्चीपासून पाच पावलांवर. पण मामांसमोर सारखं आत जाणं बरं दिसत नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर लक्ष ठेवायचं ठरवलं. दहा मिनिटं झाली की मी मेसेज टाकतो: बाजू बदल. ती अंगठा पाठवते. उत्तम सहकार्य.

बुधवार, २० मे
जेवायची जागा पक्की झाली. मी पाटावर, मामा शेजारी. मामा उसाला पाणी देऊन येईपर्यंत थांबावं लागतं. शेतीची लाइट दुपारची असल्याने त्यांना दीड-दोन वाजतात. मी एकटा आधी बसलो तर मामींना बरं वाटत नाही. बसल्यावर मी घास बत्तीस वेळा चावतो. पचनाला चांगलं. मामा तेवढ्यात तीन भाकरी संपवून मिशा पुसत बसतात. एकदा म्हणाले, पाव्हणं, रवंथ झाला का?

ताटात रोज तूप. मामी पळीनेच वाढतात. नको म्हटलं तर म्हणतात, घ्या की, आमच्या हातचं ग्वाड लागत न्हाय व्हय? गोड लागतं. घेतो.

११ वाजता प्रतिक्षाला मेसेज: जेवलीस का? उत्तर: तुमचं झालं की.
संस्कार म्हणतात ते हे. समाधान वाटलं.

शुक्रवार, २२ मे
मामींनी माझ्या सामानाचे लाडू वळले. चाळीस. पहिली वाटी माझ्यापुढे. मी म्हटलं, हे प्रतिक्षासाठी. मामी म्हणाल्या, पाव्हण्यानं आणल्यालं पाव्हण्याच्या आदी दुसऱ्याच्या तोंडात कसं घालू? दर्जा तपासण्यासाठी दोन खाल्ले. डिंक नीट फुलला आहे. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तपासायचे ठरवलं. एखादा खराब निघाला तर बाळंतिणीला त्रास नको.

रविवार, २४ मे
चुलत सासऱ्यांकडे धोंडा. घरातल्या सगळ्या बायका पहाटेपासून तिकडे पुरण वाटायला. प्रतिक्षालाही बोलावलं होतं. तिने बसल्या बसल्या धोंडे वळून दिले. राजलक्ष्मी पाळण्यात रडत होती. घड्याळ बघितलं. अजून पन्नास मिनिटं होती. थोपटलं. मुलगी माझ्याकडे टक लावून बघते. ओळखते.

धोंडे सात खाल्ले. पँटचं बटण जरा लहान शिवलेलं आहे.

सोमवार, २५ मे
३ किलो ९८०. आठवड्यात फक्त ऐंशी ग्रॅम. सिस्टर म्हणाल्या, कमी आहे, दीडशेच्या वर हवं, पुढच्या सोमवारी परत आणा. कारणं शोधली. (१) मागच्या वेळी लंगोट ओला असणार. (२) काटा सपाट नाही. काट्याखाली कार्डाची घडी घालायला लागलो तर सिस्टरांनी हात धरला.

घरी मामांनी विचारलं, वरच्या दुधाचा डबा आणू का. प्रतिक्षा आत गेली. नंतर आतून मामींना विचारताना ऐकू आलं, आई, माज्यातच काय कमी हाय का गं? मामी म्हणाल्या, तसं न्हाय, पर तू खात जा की. ती म्हणाली, कवा?

हे 'कवा' मला नीट कळलं नाही. भिंतीवर वेळा मोठ्या अक्षरात लिहिल्या आहेत.

बुधवार, २७ मे
वातावरण बदलून परत येऊ म्हणून एक दिवसासाठी लोणी देवकरला जायचं ठरवलं. मामा म्हणाले, बुधवारी जावाई घराबाहेर पडत न्हाय. उद्या म्हटलं तर उद्या भावकीतल्या आप्पासाहेबांकडचा धोंडा. परवा म्हटलं तर किल्ली असलेली बंडी धुवायला टाकलेली. दिवसभर खुर्चीत. समोर गोठा, डावीकडे विहीर, उजवीकडे लाडवाचा डबा. म्हशीसुद्धा दुपारी सोडतात.

२.५० ला मेसेज: जेवलीस का? उत्तर: आई ताट घासतेय, मग.

शनिवार, ३० मे
प्रतिक्षा दारात आली होती. चेहरा उतरलेला. म्हणाली, अहो, बाळ मागंल तवा पाजू का? भूक लागती तिला. मी समजावलं की शिस्त पहिल्या महिन्यांतच लागते. ती म्हणाली, बरं. माझं शिक्षण बारावी सायन्सच्या सहामाहीपर्यंत झालेलं असल्याने ती माझा शब्द मानते.

सोमवार, १ जून
४ किलो २०. चाळीस ग्रॅम.

काट्याबद्दल आज काही म्हणालो नाही. सिस्टर दुसऱ्यांदा वजन करून म्हणाल्या, पुढच्या सोमवारी असंच राहिलं तर बारामतीला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं. मग प्रतिक्षाकडे वळल्या. सकाळी काय खाल्लं? चहा. आणि? चहाच. दुपारी? जेवले. किती वाजता? प्रतिक्षाने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, अकरा वाजता, टाइमटेबल मी केलं आहे. सिस्टर माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाल्या, खरं सांग. ती म्हणाली, साडेतीनला.

सिस्टर म्हणाल्या, पाजणाऱ्या बाईला भुकेलं ठेवायचं नाही, आणि बाळाला घड्याळ कळत नाही, मागेल तेव्हा पाज. मग विचारलं, टाइमटेबल कुणाचं म्हणालात?

मी कार्डावरचं शुद्धलेखन बघत होतो.

घरी आल्यावर सगळे ओसरीत बसले. ठमाबाई, म्हणजे प्रतिक्षाची आजी, सुपारी कातरत होत्या. त्या सहसा माझ्याशी बोलत नाहीत. आज म्हणाल्या, पाव्हणं, राग मानू नगा. तुमी हितं बसलायसा तवर पोरीच्या पोटात वक्ताला भाकर जायाची न्हाय. आदी तुमी आन तुमचं मामा, मग आमी म्हाताऱ्या, मग ती. आन तुमी एकेक घास दळत बसताय.

मामी (सासूला त्या आत्या म्हणतात) ओरडल्या, आत्या, गप्प बसा! आजी म्हणाल्या, बसते की. पोरगी वाळली काय आन पणती वाळली काय.

प्रतिक्रिया नोंदवत नाही. वय झालेलं माणूस आहे.

मंगळवार, २ जून
तरी प्रयोग म्हणून मामींना सांगितलं की आधी प्रतिक्षाला वाढा, मी नंतर बसतो. मामींनी पदर डोळ्याला लावला. आमचं काय चुकलं? धोंड्याच्या महिन्यात जावाई उपाशी आन लेक जेवती म्हटलं तर भावकी तोंडात श्याण घालंल. मामाही जेवायचे थांबले. आता पाचही जण उपाशी.

मग सुचलं. उपवास आहे म्हणालो. जेवतच नाही म्हटल्यावर माझ्यासाठी थांबायचा प्रश्न नाही. योजना निर्दोष होती. मामी आनंदल्या. म्हणाल्या, अदिक महिन्यातला उपास, लई पुण्य! भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याचे वडे, रताळ्याच्या फोडी तुपात. सगळं वेगळ्या चुलीवर. माझं ताट २.४० ला आलं. बत्तीस वेळा चावलं नाही. घास तसेच गिळले. तरी प्रतिक्षाला पावणेचार वाजले.

आत राजलक्ष्मी रडत होती. आज तिचं रडणं वेगळं वाटलं. एवढे दिवस ऐकत होतो, पण घड्याळाकडे बघत.

बुधवार, ३ जून. पहाटे
आज बुधवार. निघायचं नसतं. निघालो.

किल्ली मागितली नाही. पिशवी घेऊन चालत. फक्त प्रतिक्षाला सांगितलं. ती मुलीला घेऊन दारात आली. म्हणाली, जावा तुमी, मी बघते. आणि हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा. रडू लपवायला हसली असणार.

फाट्यावरून टमटम, बारामतीहून इंदापूरची एसटी. खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊस. कंडक्टर म्हणाला, सरकून बसा जरा, दोघांची सीट आहे.

शनिवार, ६ जून
दुपारी लोणी देवकरला माझ्या खोलीच्या दारात मामा आणि मामी. हातात चार पुडांचा डबा आणि नवीन कपडे. गावात बातमी झाली आहे की जावाई रुसून गेला. मामा म्हणाले, आईचं मनावर घेऊ नगा, म्हातारीला बोलायचं वळण न्हाय. मी म्हणालो, मी रुसलो नाही. ते म्हणाले, रुसल्याला माणूस असंच म्हणतो. समजुतीसाठी धोंडे खावे लागले. तीन.

विचारलं, प्रतिक्षा? मामी म्हणाल्या, हाय आत्यांपाशी. दोघी अकरालाच जेवत्यात, दार लावून, खिदळत. चुलीवरची भाकर डायरेक ताटात.

म्हणजे ११ ची वेळ शेवटी लागू पडली. चांगला परिणाम दिसायला थोडा उशीर लागतोच.

सोमवार, ८ जून. सायंकाळी ६.१५
कंपनीच्या गेटबाहेर उभा राहून फोन बघत होतो. प्रतिक्षाने कार्डाचा फोटो पाठवला. ४ किलो २३०. दोनशे दहा ग्रॅम. मी गेल्यापासून.

खाली लिहिलं होतं: बारामतीला न्यायची गरज नाही म्हणाल्या. ती मागेल तेव्हा पाजते. टाइमटेबल काढून ठेवलंय, फाडलं नाही, अक्षर चांगलं आहे. अधिक महिना संपल्यावर या. आलात तर चुलीपाशी बसा, माझ्याबरोबरच जेवा. आई बोलली तर मी बघते.

मी लिहायला घेतलं की माझ्या नियोजनाचा यात वाटा. पुसलं. अंगठा पाठवला.

कंपनीच्या मालाच्या काट्यावर उभा राहिलो. मीही वाढलो आहे. पाच किलो शंभर. हे कुठल्याही कार्डावर लिहायचं नाही.

हिशेब
डिंक १८०, खारीक १६०, खोबरं १९०, अळीव ७०, तूप ७००. पेट्रोल ३००. टमटम आणि एसटी ११०. कापलेला पगार, पंधरा दिवस, ८,२५०. एकूण खर्च ९,९६०.
येणे: मोटारसायकल, कन्हेरीत.
देणे: प्रतिक्षाला, लाडू एकतीस.