कादंबरीतलं पोर

४ सप्टेंबर

पुन्हा शिमकेंतहून फोन! कुणी बाई. म्हणे, "तुमची नायिका तिसऱ्या प्रकरणात दिराचं नाव घेऊन हाक मारते. त्या काळची सून असं करील? पटत नाही हो." मी म्हटलं, बाई, दीर जळत्या तंबूत अडकलाय! म्हणाली, "तरी पण." फोन ठेवून दिला.

दमले मी. 'खाऱ्या विहिरीकाठी' लिहून झाली, छापून झाली, आता तिच्यासाठी उत्तरं देत बसायचं. अल्माटीची संपादक बया म्हणाली होती, गावातली खरी नावं घाला आपा, वाचकाला खरं वाटेल. म्हणून गावातल्या दोन घराण्यांचे मूळपुरुष घेतले. बोरानबाय आणि ऐदारली. नावं तेवढी त्यांची, बाकी सगळं माझ्या डोक्यातलं. बोरानबायचं आणि एका मुलीचं प्रेम, मुलीला बळजबरीनं ऐदारलीच्या तंबूत देतात, ती जाते तीच पोटुशी, आणि बोरानबायचं पोर ऐदारलीचं म्हणून वाढतं. वाचून लोक रडले म्हणतात. बरं झालं.

गावची नर्स, सल्तानात, येऊन रक्तदाब मोजून गेली. वाढलाय. दवाखान्यात एवढी माणसं, पण माझ्याकडे रोज न चुकता येते पोर. जाता जाता लाजून म्हणाली, "आपा, रविवारी माझ्या कानात डूल घालणार आहेत." मादियारशी ठरलं तर! गुरांचा डॉक्टर आहे, हात मऊ, बोलणं कमी. किती आनंद झाला मला. साखर टाकून चहा प्यायले. तिच्यादेखतच.

६ सप्टेंबर

बटाटे काढले. कंबर गेली. संपादकबाईचा फोन — वाचक विचारतायत, त्या पोराचं पुढे काय झालं, दुसरा भाग कधी? म्हटलं, पोर मोठं झालं, म्हातारं झालं, मेलं. सगळ्यांचं होतं तेच.

९ सप्टेंबर

अक्षर बघा कसं आलंय.

बेक्झतच्या घरी, म्हणजे सल्तानातच्या बापाकडे, सगळे जमलो होतो. जमिनीवर लांबलचक चादर अंथरलेली, तिच्यावर तळलेले बाउरसाक, सुकी जर्दाळू, घोड्याचं मांस. मादियारची आई रायखान डुलांची डबी हातात घेऊन उठली. सल्तानातनं केस कानामागं केले. आणि मादियारचे आजोबा, ओराझाली अता, बसल्या जागेवरून म्हणाले, "थांब सूनबाई."

रायखान डबी हातात धरूनच वळली.

"हे लग्न व्हायचं नाही. आम्ही बोरानबायचे, हे ऐदारलीचे. पण ऐदारलीचा वंश खरा बोरानबायचाच आहे. सात बापांच्या आत येतो आपण, सात पिढ्याही झाल्या नाहीत. भाऊ-बहीण होतात ही पोरं."

"कुणी सांगितलं?" बेक्झत ओरडला.

"पुस्तकात आलंय." आणि माझ्याकडे बोट! "हिनं लिहिलंय."

अख्ख्या चादरीभोवतीची माणसं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, अहो ती कादंबरी आहे! कुणी ऐकलं नाही. रायखाननं डबी मिटली. मादियारचा बाप गेल्यापासून त्या घरात म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे शेवटचा. सल्तानात तशीच बसून होती, केस कानामागं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खरी नावं घाला म्हणे!

१० सप्टेंबर

सकाळीच ओराझालींकडे गेले. आत त्यांची म्हातारी अंथरुणावर, बाहेर हे ओट्यावर लगाम शिवत बसलेले. चहा आला, नान आला. मी सरळच बोलले.

"अता, ते पोर मी रचलंय."

"रचलंय कसं? बोरानबाय होता की नव्हता?"

"होता."

"ऐदारली?"

"होता."

"दोघांचे तंबू खाऱ्या विहिरीपाशी शेजारी-शेजारी पडायचे?"

"पडायचे, पण—"

"मग मधलं तेवढंच खोटं कसं?"

मी नानवर हात ठेवला आणि शपथ घेतली — ते पोर कधी जन्मलंच नाही. म्हातारा माझ्याकडे बघत कानाची पाळी चोळत राहिला. अडचणीत आला की चोळतो, अख्ख्या गावाला माहीत आहे. मग म्हणाला, "अन्नाला हात लावून असं बोलू नये पोरी. तू लिहिलंस ते वरून आलं. पूर्वज सांगतात, लिहिणाऱ्याला वाटतं मीच रचलं."

आयुष्यभर वाचकांना ओरडून सांगत आले की माझं लिहिणं खोटं म्हणू नका. आता एक मिळाला! हवामानाच्या बातमीपलीकडे काही न वाचणारा माणूस, थोरल्या नातसुनेकडून माझी कादंबरी दोनदा वाचून घेतो. उंटावरचा शहाणा.

१४ सप्टेंबर

सल्तानात चार दिवसांनी आली. डोळे सुजलेले. पट्टा दंडाला बांधताना म्हणाली, "आपा, मला ठाऊक आहे तुम्ही रचलंय. विहिरीवरच्या भेटीत ती जे बोलते ना, 'माझ्या वाटेवर उभा राहू नकोस, सोबत चाल' — ते तुम्ही मला एकदा सांगितलं होतंत. तुमच्या नवऱ्याला म्हणाला होतात."

सगळ्या गावात ही एक वाचक धड निघाली.

मी म्हटलं, मग शहरात पळून जा दोघं, संसार थाटा. मान हलवली. "उद्या मूल झालं आणि जरा जरी आजारी पडलं, तर सगळे म्हणतील रक्तामुळे. मादियारच म्हणेल. तोंडानं नाही, मनात म्हणेल." मग हळूच, "मीपण."

मुल्लाला विचारून झालंय. तो म्हणाला, धर्माची काही हरकत नाही. पण गावाला सात बाप धर्माच्याही आधीचे.

१५ सप्टेंबर

बेक्झत दारात येऊन ओरडून गेला. "माझ्या खापरपणजीला छिनाल ठरवलंस! पैशासाठी!" रागानं लाल झालेला, कानाची पाळी चोळून चोळून तीही लाल. मग एकदम खाली बसला आणि म्हणाला, "पोरगी जेवत नाही, आपा." एवढा धिप्पाड घोडेवाला, रडत होता.

आपण काय करून बसलो!

१९ सप्टेंबर

सुचलं! सकाळी गाईचं दूध काढताना सुचलं आणि अर्धी चरवी सांडली.

मी सांगितलेलं कुणी मानत नाही. पण लिहिलेलं मानतात! मग लिहिते. दुसरा भाग हवाय ना सगळ्यांना? त्यात बोरानबायचं पोर पहिल्याच हिवाळ्यात जातं. बर्फाचा थर बसतो, गवत खाली गाडलं जातं, गुरं मरतात, पोरही जातं. ऐदारलीचा वंश पुढे चालतो तो दुसऱ्या बायकोच्या मुलापासून. झालं! एक मेलेलं पोर, आणि दोन जिवंत पोरांचं लग्न. तालुक्याचं वर्तमानपत्र आनंदानं छापील.

सल्तानातला सांगितलं. हसली! आधी हसली, मग मला मिठी मारली, मग म्हणाली, "पण मरू द्या ते हळूच, आपा. फार रडवू नका."

२२ सप्टेंबर

लिहितेय. पाठ दुखते, डोळे दुखतात, थांबवत नाही. बऱ्याच वर्षांनी असं झालं. पोराला मारताना स्वतःच रडले. माझंच ना ते.

२४ सप्टेंबर

आज प्रकरण रायखानला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना वाचून दाखवलं. पोर गेलं तिथं तिघी डोक्याच्या रुमालाला डोळे पुसत होत्या. रायखान म्हणाली, "असं झालं होतं होय! आणि आम्ही उगीच." शेजारची म्हातारी — दोन आठवड्यांपूर्वी माझ्या शपथेची गोष्ट जिनं हसण्यावारी नेली तीच — म्हणते कशी, "माझी सासू सांगायची, त्या हिवाळ्यात एक तान्हं गेलं होतं खरं."

मला हसावं की रडावं कळेना. रायखाननं डुलांची डबी कपाटातून काढून पुसून ठेवलीये. उद्या प्रकरण वर्तमानपत्राकडे पाठवायचं.

आज रक्तदाब उतरला. सल्तानातनं स्वतःला शाबासकी दिली.

२५ सप्टेंबर

दुपारी ओराझाली अता आले. घोड्यावरून, एकटे. या वयात. चहा नको म्हणाले. माझ्या घरी चहा नको म्हणणारा पहिला माणूस.

"ते छापू नकोस पोरी."

मी भडकले. म्हटलं, अता, आता पुरे झालं! पूर्वजांनीच मला वरून सांगितलं, पोर मेलं म्हणून. आता का पटत नाही?

"पोर मेलं नाही," ते म्हणाले. "तुझी कादंबरी खोटी आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मी काय खुळा आहे?"

मग कानाची पाळी. मग बोलले, जमिनीकडे बघत. कुल्याश, म्हणजे बेक्झतची आई. तिचा नवरा शेळ्यामेंढ्या घेऊन अख्खा हिवाळा लांबच्या कुरणावर. हे शेजारी, सरकारी शेतावर ट्रॅक्टरवाले, लग्न झालेलं. "बेक्झत माझा आहे."

मी म्हटलं, खात्री? म्हणाले, "कुल्याशनं सांगितलं होतं. आणि तू बघितलं नाहीस त्याच्याकडे कधी?"

बघितलं होतं. दहा दिवसांपूर्वी माझ्याच दारात कानाची पाळी चोळताना बघितलं होतं, लिहूनही ठेवलं होतं. मी, जी लोकांच्या हालचाली टिपून पुस्तकं विकते!

"तू दीडशे वर्षं मागं लिहिलंस," ते म्हणाले, "एवढंच चुकलं तुझं. पोरांचं जमतंय कळलं तेव्हापासून झोप नाही. काय सांगून मोडणार? मग नातसून तुझं पुस्तक वाचत होती. वाटलं, अल्लानं मला बोलायला तोंड दिलं."

इतका राग आला मला! म्हटलं, तुम्ही सांगा. तुमचं पाप, तुम्ही सांगा. माझ्या पुस्तकाआड का लपता?

"कुल्याश गेली. तिचा नवरा गेला. बेक्झत दर वर्षी त्याच्या कबरीवर जाऊन मुल्लाकडून कुराण वाचून घेतो, बाप म्हणून. माझी म्हातारी घरी अंथरुणावर पडलीये, तिला आता हे ऐकवू? मी उद्या मरेन. ज्यांना जगायचंय त्यांनी कुठं तोंड दाखवायचं?" आणि मग, "पोरीचं दुःख होऊ दे, चालेल. लाज नको."

जाताना घोड्यावर चढता येईना. मीच आधार दिला. रागात होते तरी दिला.

२६ सप्टेंबर

दिवसभर काही सुचलं नाही. सत्य सांगावं? बेक्झतचा बाप हिरावून घ्यायचा, तोही मेलेला बाप. मुलांना तेवढं गुपचूप सांगावं? सल्तानात बापाकडे पुन्हा सरळ बघेल? आणि काहीच न सांगितलं तर ती वाट बघणार. वर्तमानपत्राची, डुलांची. चुलत भावंडं ती, आणि मीच त्यांना जवळ आणत होते.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२७ सप्टेंबर

प्रकरणाचे कागद समोवारच्या जाळात घातले. चहापुरतं पाणी उकळलं.

रायखानकडे जाऊन म्हटलं, ते मी पोरांचं लग्न जमावं म्हणून रचलं होतं, पहिलं पुस्तकच खरं. वाटलं होतं वाद घालील. लगेच मानलं! म्हणाली, "वाटलंच मला. दुसरी बायको एकदम कुठून आली?"

संपादकबाईला कळवलं, दुसरा भाग नाही. कधीच नाही.

आता सल्तानात. ती ऐकायची नाही. तिला ठाऊक आहे मी रचलंय.

२८ सप्टेंबर

आली. मी नानवर हात ठेवला आणि सांगितलं — पोर खरं आहे, माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय, घराण्याची अब्रू नको जायला म्हणून रचलं म्हणत होते. वाटलं होतं भांडेल, विहिरीवरचं वाक्य काढेल. काही नाही. पट्टा सोडला, नीट गुंडाळला. म्हणाली, "कधी कधी वाटायचं मला, आपा. इतकं खरं कुणाला रचता येतं?"

मग दारात उभी राहून बराच वेळ कानाची पाळी चोळत होती.