कालिंदीच्या भिंतीवरची नावं

कोल्हापूर,
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

नृसिंहराव,

जय भीम. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून कळलं. त्यांना जिना चढू देऊ नका. आमच्याकडं सगळी बरी हायत. माझी साखर वाढलीय, पण चहा सोडणार न्हाय, डॉक्टरला तसं तोंडावर सांगितलंय. फोन सोडून कागद का, म्हणाल. फोनवर तुम्ही हसून विषय उडवता, म्हणून कागद.

शनिवारी आम्ही आपली 'कालिंदी' बघून आलो. सूरजनं गाडी काढली, त्याची पोरगी प्रीती बरोबर. आंबा घाटात ती दोनदा ओकली. पण लांबनं जहाज दिसलं तशी ओरडली, "आजोबा, तुमची तोफ!"

खरं सांगू? मला जायचंच नव्हतं. जहाजाचं म्युझियम झालं, एकाहत्तरच्या लढाईतल्या सगळ्यांची नावं भिंतीवर लागणार आणि यादी तुम्ही देणार, हे कळल्यापासनं माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. तुम्ही तवा जहाजाच्या ऑफिसात कारकून. कोण कुठल्या कामाला, तुम्हाला तोंडपाठ. कितीदा फोन केला, "माझ्या नावापुढं काय लिवलंय?" दर खेपेला तुम्ही हसला, "ये की बघायला!" असं हसणारा माणूस कायतरी करून बसलेला असतो, अशी माझी खात्रीच झाली.

कारण घरात मी तोफेवरचा माणूस हाय. सोयरीक जुळताना सासऱ्याला तेच सांगितलं, सूरजच्या शाळेत झेंडावंदनाला भाषण केलं तेव्हाही तेच. टोपास होतो, जहाजाचे संडास आणि मोऱ्या धूत होतो, हे बायकोलाही कधी सांगितलं न्हाय. ती तशीच गेली. शिरोळात आमच्या बापानं झाडू टाकला, पोराला शिकवलं, आणि पोरगं नेव्हीत जाऊन परत झाडूच धरतंय, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

त्या भिंतीपुढं मी नुसता चष्मा पुसत बसलो बघा. प्रीतीनंच शोधलं. 'बाबासो कुरणे, तोफ क्रमांक दोन.' सूरजनं फोटो काढला. सुटलो बाबा, असं वाटलं. तुमच्यावर संशय घेतला म्हणून लाजही वाटली.

मग सत्याप्पाचं नाव बघायला लागलो. हुपरीचा सत्याप्पा, माझ्याबरोबरचा टोपास. तो जाऊन बारा वर्षं झाली. त्याची बायको बयाबाई अजून पैंजणाला घुंगरं जोडत बसते. तिनं फोनवर बजावलं होतं, "भावजी, त्येंच्या नावाचा फोटू तेवढा आणा की." सगळी भिंत दोनदा वाचली. सत्याप्पा न्हाय. टोपास म्हणून एकही माणूस न्हाय. स्वयंपाकी हायत, धोबी हायत, न्हावीसुद्धा हाय.

तेवढ्यात प्रीतीनं गाईडला विचारलं, "एवढी माणसं, मग संडास कोण धूत होतं?" त्यानं भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला, "तसं कुणी नव्हतं. सगळे आपापलं करायचे."

आपापलं करायचे! कानशिलं तापली माझी. वादळात तुम्ही सगळी आडवी पडायचा तेव्हा तुमच्या ओकाऱ्या कोण काढत होतं?

तवापासनं दुसराच संशय लागलाय, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट हाय.

पन्नास वर्षं तुम्ही मला अरे म्हणता आणि मी तुम्हाला अहो. आज मी अरे म्हणतो. नृसिंहा, तू खोटं लिहिलं न्हाईस. लढाईचा भोंगा झाला की स्वयंपाक्यापासनं टोपासापर्यंत प्रत्येकाला लढाईची जागा ठरलेली. माझी आणि सत्याप्पाची जागा एकच होती. दोन नंबरच्या तोफेला आम्ही दोघं खालनं गोळे द्यायचो. मग मी भिंतीवर आणि तो का न्हाय? मी सारखा फोन करणारा आणि तो मेलेला, म्हणून? माझी अब्रू राखलीस म्हणशील? मला तसं वाटत न्हाय. तू आमच्या पंगतीला एकदाही बसला न्हाईस. 'टोपास' वाचून तुझ्या नातवंडांनी विचारलं असतं, आजोबा, तुम्ही यांच्याशी कसं वागत होता? ते तुला नको होतं. खोटं असंल तर लिहून कळव.

मी तिथंच प्रीतीला सांगितलं, "मी धूत होतो. मी आणि सत्याप्पा." प्रीतीनं माझा हात धरला, पण सूरज जाऊन गाडीत बसला. सगळा घाट चढेपर्यंत एक शब्द बोलला न्हाय. अजून बोलत न्हाय. पोराच्या नजरेतनं उतरलो, नृसिंहा, आणि लई लागलंय मला ते.

पण मागं फिरणार न्हाय. म्युझियमच्या साहेबाला अर्ज लिहिलाय. सत्याप्पाचं नाव लावा आणि आम्हा दोघांपुढं दोन्ही कामं लिहा. फोनवर ते म्हणाले, यादी देणाऱ्याची सही पाहिजे. अर्ज सोबत जोडलाय. तू सही करशील, याचाही मला भरवसा न्हाय.

बयाबाईचे चार फोन येऊन गेले. मी उचलले न्हाईत. तुझी सही बघितल्याबिगर उचलणारही न्हाय.

तुझ्याच जहाजावरचा,
बाबासो कुरणे
टोपास, तोफ क्रमांक दोन