कोरे रकाने

४ एप्रिल

ती. मामास,
इंग्लिश मीडियमवाल्या भाचीचा सा. न. वि. वि.

बातमी एक नंबर आहे! मोठ्या तळ्यावर या वेळी सहाशे बारा पक्षी मोजले. मागच्या वर्षी जेमतेम दोनशे होते. दुष्काळ-बिष्काळ सोड, पक्षी मजेत आहेत! पाणी-ऑफिसला रिपोर्ट पाठवून मोकळी झाले. बाकीची चार तळी आटलीयेत, तिथे एकही पक्षी नव्हता, म्हणून ते रकाने कोरे सोडले.

आई म्हणते, गुडघा दुखत असून तू गच्चीवर चढतोस. ऐकत जा जरा.

लोभ वाढव, बिस्किटं कमी कर.
तुझी टिटवी

९ एप्रिल

चि. टिटवीस,
दुखऱ्या गुडघ्यासकट मामाचे आशीर्वाद.

शाबासकी नंतर, आधी कान धरतो. अगं, पाच घरांतली माणसं एका खोलीत कोंबली तर माणसं वाढली म्हणायचं का?

तीस वर्षं मी धरणावर पाण्याची पातळी लिहिली. तीन उन्हाळे धरण ठणठणीत कोरडं होतं. तरी रोज सकाळी पट्टीपाशी उतरून शून्य लिहायचो. साहेब हसायचे. पण कोरा रकाना म्हणजे माणूस गेलाच नाही. शून्य म्हणजे गेला, बघितलं, नव्हतं.

लोभ आहेच. रागही त्यातलाच समज.
मामा

१६ एप्रिल

ती. मामास,
लाल झालेल्या कानासकट नमस्कार.

मी घोळ घातलाय. माझाच आकडा दाखवून पाणी-ऑफिस म्हणतंय, पक्षी तिप्पट झालेत, मग मोठ्या तळ्यातलं अर्धं पाणी रस्त्याच्या कामाला उपसू. मामा, टिबुकल्यांची घरटी पाण्यावर तरंगतात. पाणी गेलं की ती चिखलात टेकणार आणि कुत्री आरामात चालत अंड्यांपर्यंत जाणार.

सोमवारी मीटिंग आहे. चारही तळी पुन्हा पायी फिरून आले. चूक माझी आहे, मीच सांगणार. आई म्हणते, लोक हसतील. हसू देत.

आशीर्वाद जरा जास्तीचे पाठव.
टिटवी

२६ एप्रिल

ती. मामास सा. न.

मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हटलं, रिपोर्ट चुकलाय आणि चुकवणारी मीच. पाच तळ्यांवर मिळून मागच्या वर्षी अकराशे पक्षी होते, यंदा सहाशे बारा. मग एकेका तळ्याचं नाव घेऊन शून्य वाचलं. पहिल्या शून्याला कुणीतरी हसलं. चौथ्याला कुणीच नाही.

पिल्लं पोहायला लागेपर्यंत पंप बंद! त्यानंतर पुन्हा भांडायचंय, तयारीत आहे.

आज सकाळी कोरड्या तळ्यांवर जाऊन आले. चारही ठिकाणी शून्य. लिहिलंय.

लोभ असाच कान धरून असावा.
तुझी टिटवी