झाकणाला चव नसते

पुसद, मंगळवार

श्री. फुलसिंगभाऊ यांस,

तुमच्या रीतीने या श्रीकृष्णाचा जय सेवालाल. हंसावहिनींना नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, तांड्यावरच्या विहिरीला पाणी किती आहे आणि मागच्या खेपेला माझ्या अंगावर धावून आलेला तुमचा तो गोऱ्हा अजून दावणीला आहे की देवाने मला न्याय दिला, ते सविस्तर कळवावे. आमच्याकडे सर्व ठीक आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही, पण ते पुढे येईलच.) फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. माझे कान गेले आहेत, फोनचा आवाज मोठा करावा लागतो, आणि मग तुमची ख्यालीखुशाली आमच्या अख्ख्या गल्लीला कळते. त्यापेक्षा पत्र बरं.

तर भाऊ, माझं रक्त कमी झालं. नऊवर आलं. ज्या माणसाने तीस वर्षं खांद्याला बॅग लावून राळेगावपासून उमरखेडपर्यंत रक्तवाढीच्या गोळ्या खपवल्या, त्याचंच रक्त नऊ! डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने कागदावर लोहाची गोळी लिहिली आणि म्हणाला, काका, संत्र्याच्या चवीची आहे, चघळून खा, मजा येईल. मला भरूनच आलं. हे वाक्य या भागात पहिल्यांदा मी आणलं होतं, आणि आता ते फिरून माझ्याच दारात उभं होतं.

तुमच्या उमरखेडच्या औषधाच्या दुकानात ती गोळी घेऊन मी पहिल्यांदा आलो, तो दिवस तुम्ही विसरला नसाल. त्याच्या आदल्या आठवड्यात कंपनीने आम्हा सगळ्या प्रतिनिधींना नागपूरच्या हॉटेलात पनीर खाऊ घालून शहाणं केलं होतं. मोठ्या साहेबांनी सांगितलं की कडू गोळी माणूस जरा बरं वाटलं की सोडतो, गोड गोळी मात्र बाटली संपेपर्यंत खातो आणि दुसरी मागतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी विचारलं, साहेब, घरात पोरं असतात, निदान झाकण तरी घट्ट करता येईल का? साहेब म्हणाले, झाकणाला खर्च येतो, आणि झाकणाला चव नसते. आम्ही त्याहून जोरात टाळ्या वाजवल्या. (मी तर उभा राहून. त्या वर्षी मला बढती हवी होती. मिळाली नाही.)

तुम्ही मात्र बाटली उघडून एक गोळी जिभेवर ठेवलीत आणि म्हणालात, "साहेब, हे तं लेकरू चॉकलेट समजून खाऊन टाकीन. मंग?" मी म्हणालो, मग तुमचा खप वाढेल, भाऊ! आणि माझा मीच हसलो. तुम्ही हसला नाहीत. पाच बाटल्या घेतल्यात, त्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवल्यात, आणि पुढे ज्याला त्याला बाटली देताना "उंचावर ठेवजो बाप्पा, लेकराच्या हाती नको लागू देजो" असं बजावत राहिलात. बाहेर चहाच्या टपरीवर मी तुमची नक्कल करून दाखवायचो. तेही आज कबूल करून टाकतो.

आता पुढचं ऐका. हल्लीच्या बाटलीला तसलं घट्ट झाकण आहे, दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. मुलांना ते उघडता येत नाही, आणि बोटांचे सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांनाही येत नाही. दोन दिवस मी त्याच्याशी कुस्ती केली. तिसऱ्या दिवशी गोळ्या खडीसाखरेच्या पितळी डबीत गेल्या. मी औषध विसरतो, पण पूजा विसरत नाही, म्हणून आमची ही, सुमेधा, म्हणाली की डबी देवघरातच राहू द्या. झालं. रोज सकाळी आरती, तीर्थ, आणि मग उजव्या तळहाताखाली डावा हात धरून मी गोळी घ्यायचो. सवयीने डोळ्यांनाही लावायचो. (लोहाच्या गोळीला नमस्कार करणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच.)

त्याच सुमाराला आमचा मुलगा मंदार आणि सूनबाई केतकी यवतमाळहून सुट्टीला आले. शाल्मली, माझी नात, चार वर्षांची. रोज माझ्या मांडीला मांडी लावून पूजेला बसायची. पाचव्या दिवशी आम्ही मोठी माणसं स्वयंपाकघरात फोडणीच्या पोळीवर ताव मारत असताना तिने एकटीनेच पूजा मांडली. घंटी वाजू लागली तसे आम्ही कौतुकाने हसलो. मग घंटी थांबली. बरीच वाट पाहून मी डोकावलो तेव्हा डबी उघडी होती. नऊ गोळ्या कमी. दोन गणपतीपुढे, रीतसर नैवेद्य दाखवलेल्या. तीन तिच्या कापडी हत्तीच्या सोंडेपाशी. चार कुठेच नव्हत्या, आणि पोरीच्या तोंडाला संत्र्याचा वास येत होता.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळी कसली होती? मला सगळं पाठ, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि भाऊ, माझ्या तोंडून काय निघालं असेल? मॅडम, संत्र्याचा ताजा स्वाद, पाण्याशिवाय चघळता येते, पोटाला सोसते, रुग्ण स्वतःहून मागून घेतो. तीस वर्षांची सवय, चावी दिल्यासारखं तोंड सुरू झालं. पुढचं 'आपला पाठिंबा असू द्या' तेवढं कसंबसं गिळलं. शाल्मली तेव्हा केतकीच्या खांद्यावर ओकत होती. केतकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. बाई म्हणाल्या, मोठ्यांना जे रक्त देतं तेच एवढ्याशा जिवाच्या पोटात विष होऊ शकतं. मला ते ठाऊक होतं हो. कंपनीच्या माहितीपत्रकात अगदी खाली बारीक अक्षरात छापलेलं असायचं. कागद डॉक्टरांपुढे धरताना आपला अंगठा त्या ओळीवर ठेवायचा, हे आम्हाला शिकवलेलं होतं.

दोन दिवस सलाईन लागलं. तिसऱ्या दिवशी पोरगी उठून बसली आणि इथे प्रसाद कधी देतात म्हणून नर्सला विचारू लागली. सगळे रडता रडता हसले. मला हसू आलं नाही, कारण घोटाळा तिथेच झाला. बाईंनी तिला विचारलं, बाळा, गोळ्या का खाल्ल्यास? ती म्हणाली, प्रसाद आहे, आजीच्या देवाचा. त्यावरून सगळ्यांनी ठरवून टाकलं की चूक सुमेधाची, औषध देवघरात ठेवतं का कोणी? केतकी तिच्याशी बोलत नाही. मंदार बोलतो, पण ऊनपावसाचं. सुमेधा कोणाला काही म्हणत नाही. देवापुढे मात्र आता ती साखरेचा दाणाही ठेवत नाही, नुसतं फूल ठेवते. मी औषध कंपन्यांच्या हावरेपणावर मंदारला अर्धा तास ऐकवलं. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि ते सगळ्यांना पटलंही.

असो. गोड गोळ्या घरातून बाद केल्या आहेत. हल्ली कडू घेतो आणि तोंड वाकडं करतो. लोभ आहेच, तो राहू द्या.

तुमचा,
श्रीकृष्ण

ता. क. विहिरीचं आणि गोऱ्ह्याचं उगाच विचारलं, त्याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल. येत्या रविवारी मंदार आणि केतकी येणार आहेत, शाल्मलीला आजोळी ठेवून. पोरीला या घरात पुन्हा पाठवायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार आहे. तुम्ही सकाळच्या एसटीने या. तुम्ही काही बोलू नका, फक्त माझ्या शेजारी बसा. बोलायचं मला आहे. आणि बोलता बोलता मी गोळीची चव सांगू लागलो, तर मला तिथेच थांबवा.

आणखी एक. फोन न करण्याचं कारण कान नव्हे. फोनवर बोललो असतो तर सुमेधाने ऐकलं असतं. डबीत गोळ्या मीच ओतल्या. तेवढं घरात माहीत आहे. जे माहीत नाही ते हे, की आदले चार दिवस पूजेनंतर शाल्मली हात पुढे करायची आणि मी माझ्या गोळीतला अर्धा तुकडा तोडून तिच्या हातावर ठेवायचो. एवढ्याने काय होतंय, असं वाटायचं. हे काय आजोबा, म्हणून तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं. प्रसाद आहे, आजीच्या देवाचा, असं मीच सांगितलं होतं.

शेवटचं. माझा गुडघा धरलाय म्हणून हे पत्र टपालात टाकायला सुमेधाच जाते आहे. डिंकही तिच्याकडेच मागितला. कोणाला एवढं लांबलचक लिहिलंत, एवढंच तिने विचारलं. तुमचं नाव सांगितलं तर म्हणाली, बरं केलंत, भाऊंशी बोललात की तुम्हाला हलकं वाटतं. पाकीट मी चांगलं घट्ट चिकटवलं आहे. रविवारी नक्की या.