स्कूटरच्या डिकीतला मासा

अहो,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. आज सकाळी गुरुजींचा फोन आला. म्हणाले, "काकू, वडे, खीर, कढी तर रीतीप्रमाणे होईलच, पण काकांच्या आवडीचं एक काहीतरी पानात असू द्या. काय आवडायचं त्यांना?" मी म्हटलं, विचारून सांगते. विचारणार कोणाला? जन्मभर विचारलं तर तुमचं एकच, "तू करशील ते." मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती! चहात साखर कमी पडली की चमचा वाजवणारा माणूस, आणि त्याला जेवणात आवडनिवड नाही?

म्हणून लिहायला बसले. आज दुपारी मी जे पाहून आले, ते तुम्हाला सोडून कोणाला सांगू? आणि जाब तरी दुसऱ्या कोणाला विचारू?

पहिल्यापासून सांगते. मधेच "पुढे बोल" म्हणू नका.

मंजूनं आपल्या दोघांसाठी ती अलास्काची क्रूझ ठरवली होती ना? तुम्ही गेलात, मी म्हटलं रद्द कर. तर तुमची लेक म्हणे, "आई, बाबांना शब्द दिलाय, तुला नेणारच." अच्छा! मला न विचारता शब्दांची देवाणघेवाण झालेली! तेव्हाच मनात आलं, हे बापलेक काहीतरी शिजवून राहिले.

जहाज चांगलं होतं, खोटं काहून बोलू? पण जेवणाचा भरवसा नव्हता. सूपमध्ये काय आहे विचारलं की वेटर हसायचा. हसणाऱ्या वेटरवर मी विश्वास ठेवत नाही. मी आपली केळी खाल्ली. केळं आपल्या हातानं सोलायचं, त्यात मधे कोणी नसतं. मंजू डोक्याला हात लावायची. तुम्ही असता तर माझ्या वाटणीचं सूपही पिऊन मोकळे झाला असता. आता तर त्याचीही खात्री पटली!

एका बंदरात उतरलो. छोटंसं गाव, मागे बर्फाचे डोंगर, आणि दुकानांतून लाकडाच्या धुराचा वास. मला वाटलं कोणी मक्याची कणसं भाजतंय. जवळ जाऊन बघते तर मासे! सॅमन म्हणतात त्याला. धुरी देऊन सुकवलेला, गाजरासारखा लाल. दुकानातल्या मुलीनं काडीला टोचून एक तुकडा थेट माझ्या नाकासमोर धरला. मी अशी मागे सरकले की टोप्यांचा स्टँड पडला.

तेवढ्यात मंजूनं गुपचूप एक चपटा लाकडी डबा घेतला. झाकणावर मासा कोरलेला. ती मुलगी सांगत होती, आत पाकीट सीलबंद आहे, फ्रीज लागत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. वर्षानुवर्षं! आपल्याकडे मे महिन्यात सकाळचं दूध दुपारी फाटतं, आणि मासा बिना फ्रीजचा टिकतो? मी मंजूला म्हटलं, पुन्हा विचार. तिनं विचारलं. मी म्हटलं, मालकाला विचार. मालकही तेच म्हणाला. दोघंही मिळालेले.

"कोणासाठी घेऊन राहिलीस?"

"घोषकाकांसाठी. बाबांनी कबूल केलं होतं."

घ्या! माझ्या सख्ख्या भावाला चॉकलेटचा पुडा, आणि तुमच्या फॅक्टरीतल्या दोस्ताला लाकडी डबा? का बरं? असं काय देणं लागत होता तुम्ही घोषबाबूंचं? मंजूला विचारलं तर ती समुद्राचे फोटो काढायला लागली. फोटो काढण्यासारखं तिथं काहीच नव्हतं, नुसतं धुकं.

डबा माझ्या शालीत गुंडाळून माझ्याच बॅगेत आला. वाटभर मी शालीचा वास घेत होते. वास नव्हता. त्यानं तर संशय जास्तच वाढला.

घरी आल्यावर प्रश्न, ठेवायचा कुठं? स्वयंपाकघरात नाही, फ्रीजमध्ये तर मुळीच नाही, हॉलला लागून देवघर. व्हरांड्यात ती शेजाऱ्यांची मांजर. शेवटी तुमच्या स्कूटरची किल्ली काढली आणि डबा डिकीत ठेवायला गेले. तुम्ही गेल्यापासून ती डिकी कोणी उघडली नव्हती.

आत एक साबणदाणी. त्यात चंदनाचा साबण, झिजून पातळ झालेला. आणि बडीशेपेची पुडी.

मी तिथंच बसले हो, पायरीवर.

घरात आपला लाल साबण, लग्नापासून. आणि रविवारी कांचघर मोहल्ल्यात घोषबाबूंकडे कॅरम खेळून आलात की तुमच्या अंगाला चंदनाचा वास! विचारलं तर म्हणायचे, "घोषकडचा साबण आहे, काहून विचारून राहिली?" मग घोषकडचा साबण तुमच्या डिकीत काहून? कॅरमची पावडर हाताला लागते, समजलं. पण ती काढायला चंदन? आणि वरून बडीशेप?

आता लिहूनच टाकते. मला वाटायचं, बाई आहे. चेहरा नव्हता तिला, पण मी तिला लांब केस दिले होते. कितीतरी रविवार मी दारात उभी राहून तुमच्या शर्टावर एक केस शोधला. सापडला नाही कधी. पण म्हणून शंका जाते का? आणि आता तो साबण हातात! असं मन घेऊन परवा मी तुमच्या फोटोला हार कशी घालणार होते? तुमचं पहिलं वर्ष असं संशयात उरकायचं का मी?

त्यातून गुरुजींचा तो प्रश्न. आणि पानाचं म्हणाल तर, माझ्या मामानं लग्नात दिलेलं ताट-वाटी असतं तर त्यातच नैवेद्य वाढला असता. पण ते तर कधीचंच गेलं. तुमची बहीण चार दिवस राहून नागपूरला परत गेली, आणि ताट-वाटी दिसेनाशी झाली. वन्सं पुढच्या वेळी आल्या तेव्हा कपाटाला कुलूप लावलं.

तर आज जेवण झाल्याबरोबर डबा पिशवीत टाकला, आपल्या नेपियर टाउनच्या चौकातून ऑटो केला आणि कांचघर गाठलं. ऑटोवाला म्हणे, "अम्माजी, मिठाई ले जा रही हैं?" मी म्हटलं, "तू गाड़ी चला भैया."

घोषबाबूंनी दार उघडलं. मला पाहून म्हणाले, "अरे भाभीजी, बैठिए, बैठिए," आणि चष्मा शोधायला आत गेले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मिसेस घोष समोर बसल्या. मी डबा टेबलावर ठेवला, साबणदाणी त्याच्या बाजूला ठेवली, आणि सरळ विचारलं, "ये साबुन किसका है?"

बाई एकदा डब्याकडे बघतात, एकदा साबणाकडे. मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे भरून आले त्यांचे. "दादा का है भाभी। मछली का बास जाने के लिए।"

मासा! रविवारी तुम्ही मासा खायचे! मोहरीचं वाटण लावलेला, भाताबरोबर, बोटं चाटून! फॅक्टरीत ट्रेनिंगला होता तेव्हा हॉस्टेलात घोषबाबूंनी लावलेली सवय म्हणे. आणि हाच माणूस संध्याकाळी माझ्याबरोबर ग्वारीघाटावर नर्मदेतल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायचा! "बघ नलिनी, कसे येतात जवळ." येतील नाही तर काय! माशांना तरी काय ठाऊक!

मी रागानं उठलेच होते. तर मिसेस घोष म्हणाल्या, "रुकिए," आणि वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "दादा का थाली। हम लोग इसमें किसी को नहीं देता।"

कागद काढला. स्टीलचं ताट. काठावर मशीननं कोरलेलं नाव, अक्षरं झिजलेली, पण वाचता येत होती. चि. सौ. नलिनीस, मामाकडून.

माझं ताट!

"घरातल्या भांड्यांना मासा लागू द्यायचा नाही, तिला चालणार नाही, म्हणून एक ताट कायमचं इथं आणून ठेवलं," असं तुम्ही त्यांना सांगितलंत म्हणे. पण घरात इतकी ताटं होती, मग हेच काहून? मी तेही विचारलं. तेव्हा घोषबाबू आतूनच बोलले, चष्मा सापडला असावा. "मैंने भी पूछा था भाभीजी। बोला, पकड़ा गया तो कहूँगा, तेरी ही थाली में तो खाया।"

मी हसले की रडले, मला ठाऊक नाही. मिसेस घोषनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या, ताट तुम्ही त्यांना कधी घासू दिलं नाही. स्वतः घासायचे, पुसायचे, कागदात गुंडाळून वर ठेवायचे. घरी तर तुम्ही कधी चहाचा कपही विसळला नाही!

अहो, पण एकदा सांगायचं तरी! का नाही सांगितलं, ते मला कळतंय. नागपूरला जाताना समोरच्या बाकावरच्या लोकांनी माशाचा डबा उघडला होता, आठवतं? मला उलट्या झाल्या, आणि इटारसीपर्यंत मी दारापाशी उभी. तुम्ही लिंबू हातात धरून माझ्या बाजूला. ते पाहिल्यावर तुम्ही कशाला सांगता! सांगितलं असतं तर मी आकाशपाताळ एक केलं असतं, खरंय. महिनाभर बोलले नसते. पण मग बोलले असते ना! लेकीला ठाऊक, घोषबाबूंना ठाऊक, त्यांच्या कामवालीला ठाऊक, आणि मी दारात उभी राहून शर्टावर केस शोधत होते! भांडायचं ते भांडण तुम्ही मला मिळूच दिलं नाही. याचा मला फार राग आहे. आणि तुम्ही नाही, याचा त्याहून जास्त.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. तिथं फक्त ताट होतं. वाटी नव्हती. मिसेस घोष शपथेवर सांगतात, वाटी कधी आलीच नाही. तेव्हा वन्सं अजून सुटलेल्या नाहीत.

डबा मी तिथंच ठेवून आले. उघडू नका म्हटलं, परवापर्यंत. घोषबाबू ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत होते, ती मला काही ठीक वाटली नाही, म्हणून मिसेस घोषना तो कपाटात टाकून कुलूप लावायला सांगितलं. किल्ली त्यांच्या पदराला बांधलेली पाहूनच निघाले.

आणि आता माझा शब्द. परवा सकाळी घरी सगळं रीतीनं होईल, वडे, खीर, कढी. तुमच्या आवडीचं काय ते गुरुजींना मी सांगणार नाही, त्यांना चक्कर येईल. ते उठले की मी ऑटो करीन आणि कांचघरला जाईन. तो डबा माझ्यासमोर उघडतील, आणि तुमचं पान मी वाढीन. नाकाला पदर लावून वाढीन, पण माझ्या हातानं वाढीन. इतकी वर्षं दुसऱ्या बाईनं वाढलं तुम्हाला, आता पुरे. दर वर्षी जाईन. ताट घरी आणणार नाही, ते तुमचं तिथलंच. घासून, पुसून, कागदात गुंडाळून मीच वर ठेवीन, आणि हात चंदनाच्या साबणानं धुऊन घरी येईन.

पोटभर जेवा. लपून नाही.

तुमच्या ताटावर जिचं नाव आहे ती,
नलिनी